बाकड्यावरची भिशी

माझा मुलगा बोलत नाही, पण गप्प म्हणाल तर तो एक मिनिटही बसत नाही. डोळे वर नेले की हो, ओठ मुडपले की नाही, डावा हात दाराकडे फेकला की बाहेर चला, आणि जिभेनं टक् असा आवाज केला की बाबांची गाडी आली, जा दार उघड. त्याच्या कागदांवर सेरेब्रल पाल्सी असं लिहिलेलं आहे. तो भिंतीला धरून चालतो, हात थरथरतात आणि शब्द ओठांशी येऊन अडतात. डोकं मात्र तल्लख. वरच्या डब्यातले लाडू संपले असं खोटं सांगायची माझी त्याच्यासमोर टाप नाही. त्याची ही सगळी बोली मला तोंडपाठ होती, आणि ती घरात फक्त मलाच येते याचा मला, खरं सांगायचं तर, भारी अभिमान होता. मी काही वर्षं शाळेत शिकवलं आहे. आपण नसलो तर वर्गात गोंधळ होतो, असं शिकवणाऱ्या बाईला वाटतच असतं.

तो सात वर्षांचा असताना मला डेंग्यू झाला. मी आतल्या खोलीत आडवी आणि बाहेरच्या खोलीत बापलेक. माझे यजमान सोलापुरात नवी पेठेत कापडाच्या दुकानात काउंटरवर असतात. गिऱ्हाईक बाईनं नुसतं नाक मुरडलं तरी तिला कुठला रंग हवाय ते ओळखणारा माणूस, पण पोटच्या पोरापुढं त्यांची अक्कल चालेना. पोरगं काहीतरी मागत होतं आणि हे दुकानात तागा उलगडून दाखवावा तसं एकेक वस्तू दाखवत होते. पाणी दाखवलं, केळं दाखवलं, टीव्हीचा रिमोट दाखवला, शेवटी शेजाऱ्यांचं मांजर उचलून आणून दाखवलं. त्याला एवढंच हवं होतं की खिडकीचा पडदा ओढा, डोळ्यांवर ऊन येतंय. मला आतून ते कळत होतं, पण घशातून आवाज निघत नव्हता. शेवटी तोही रडला आणि तेही रडले.

त्या आजारपणात तो नीट जेवला नाही. त्याचे गाल उतरले. ताप उतरल्यावर मी त्याला जवळ घेतलं, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की मला काही झालं तर याचं कुणाला कळणार? असला विचार दिवसा येतो तेव्हा तो झटकता येत नाही, कारण समोर मूल बसलेलं असतं. मी ठरवलं, एक तरी माणूस शोधायचा. दिवसभर त्याला सांभाळणारा आणि मुख्य म्हणजे त्याचं म्हणणं ओळखणारा. घरचं कुणी नको. घरचे माझ्याच तोंडाकडे बघत बसतात.

मग माझी शोधमोहीम सुरू झाली. सरकारी कार्यालयातला माणूस सज्जन निघाला. त्यानं मला प्रमाणपत्र, कार्ड, विमा, प्रवासातली सवलत, सगळं समजावून सांगितलं आणि वर चहाही विचारला. पण मुलाला एक दिवस कुणाकडे ठेवू, असं विचारल्यावर तो पेन फिरवत बसला. त्या कामाचं टेबल त्यांच्याकडं नव्हतं. फोनवर एका बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं की पुण्यात अशा सोयी आहेत. मी म्हटलं, मी सोलापुरात आहे. त्या म्हणाल्या, हो का, आणि आणखी गोड आवाजात फोन ठेवला. आमच्या भागातल्या पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, बाकीच्या पालकांना विचारून कळवते. त्या अजून विचारतायत. मग घरी एक बाई ठेवून पाहिली. तिला आमचा मुलगा देवाचा माणूस वाटायचा. आल्या आल्या त्याच्या पाया पडायची आणि तो बोट दाखवेल त्याला हात जोडायची. त्यानं थोडे दिवस देव होऊन पाहिलं, मग एकदा तिला कडकडून चावला. बाई गेली आणि मी पुन्हा होते तिथं आले.

त्याला दर शनिवारी थेरपीला न्यायचे. तिथं बाहेरच्या अरुंद पॅसेजमध्ये एक लांब लाकडी बाकडं होतं. मुलं आत, आम्ही बाकड्यावर. वर्षभर आम्ही तिथं शेजारी शेजारी बसलो असू, पण बोलणं असं झालंच नाही. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, आमचं तसं काही नाही हो, जरा उशीर होतोय एवढंच. प्रत्येकीच्या मुलाला जरासाच उशीर होत होता. मीही तेच सांगायचे आणि दुसरीच्या मुलाकडे पाहून मनात म्हणायचे, बिचारी. ती माझ्याकडे पाहून तेच म्हणत असणार.

हे सगळं एका डब्याच्या झाकणानं मोडलं. बाकड्यावर कुंभारीहून येणारी एक बाई असायची. तिकडच्या कामगारांच्या घरकुलात राहायची, विड्या वळायची, नवरा यंत्रमागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी तिला अक्का म्हणते. तिची मुलगी दहा वर्षांची, डाउन सिंड्रोमची, आणि त्या पॅसेजमध्ये सगळ्यांवर हुकूम चालवणारी. तर त्या दिवशी आत जायला उशीर होता आणि मुलं आमच्याजवळच होती. अक्कानं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडला आणि शेजारच्या बाईच्या मुलानं झटकन त्याचं झाकण उचलून जमिनीवर गरगरा फिरवलं. या बाईंना मी आपा म्हणते. त्यांच्या मुलाला ऑटिझम आहे आणि फिरणारी कुठलीही वस्तू त्याला जिवापलीकडे आवडते. आपा ओशाळल्या, झाकण काढून घ्यायला उठल्या. तेवढ्यात माझा मुलगा असा खदाखदा हसला की त्याला बाकड्यावरून घसरताना मी कसंबसं धरलं. झाकण थांबलं की तो टक् करायचा आणि आपांचा मुलगा पुन्हा फिरवायचा. टक् म्हणजे बाबांची गाडी, असं मी सांगायला गेले, पण त्या दोघांना माझी गरज पडली नाही.

अक्कानं सगळ्यांना भाकरीचा तुकडा दिला. तोंडात भाकरी असताना आमचं तसं काही नाही हे वाक्य म्हणता येत नाही. बाकड्याच्या टोकाला एक आजोबा बसायचे, मंगळवेढ्याकडचे, मेंढरंवाले, पहाटेच्या एस. टी. नं नातीला घेऊन येणारे. नात सहा वर्षांची, तिला ऐकू येत नाही, कानात मशीन नुकतंच बसलेलं. पण तिच्या हातांकडे बघत राहावं. मेंढरांमागं फिरता फिरता आजोबांनी आणि तिनं हातवाऱ्यांची आपली एक भाषा केली होती. आजोबांनी भाकरी कपाळाला लावून खाल्ली आणि म्हणाले, चटनी लई ब्येस हाय. त्या शनिवारपासून आमचं बाकडं बोलायला लागलं.

मी वर्षभर जी माहिती गोळा करत हिंडत होते ती सगळी त्या बाकड्यावर बसलेली होती. पायांचे बूट कुठं नीट करून मिळतात, कुठल्या खिडकीवरचा माणूस कार्डासाठी ताटकळत ठेवत नाही, कुठल्या शाळेच्या बाई मुलाला आत घेतात आणि कुठल्या फक्त फोटो काढून घेतात, सगळं यांना ठाऊक. पण मला हवा असलेला माणूस मात्र त्यांच्याकडेही नव्हता. अक्का म्हणाली, तिला चार तास सलग झोप मिळून वर्षं झाली. आपांना त्यांच्या भावाच्या लग्नात स्टेजपर्यंत जाता आलं नव्हतं. आजोबांच्या मुलाला आणि सुनेला मेंढरं घेऊन लांब जावं लागतं, म्हणून नात त्यांच्याकडे.

आपा त्यांच्या गल्लीत भिशी चालवतात. भिशी म्हणजे सगळ्यांनी दर महिन्याला आपला वाटा टाकायचा, चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिनं सगळी रक्कम उचलायची. आणि रिवाज असा की जिला भिशी लागली तिनं बाकीच्यांना पोटभर खाऊ घालायचं. एका शनिवारी आपा अगदी सहज बोलून गेल्या, "पैशां की भिशी तो सब डालते. अपन टाइम की डालेंगे." महिन्यातला एक रविवार. जिला लागेल तिचं मूल बाकीच्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांभाळायचं आणि तिनं तो दिवस स्वतःचा घ्यायचा. मुलं अक्काच्या अंगणात, तिचीच पाळी असेल तेव्हा माझ्या घरी. अक्का लगेच हो म्हणाली. आजोबांना या बायकांच्या कारभारात बसायचं का, असं विचारलं तर म्हणाले, व्हय, घाला की माजी बी चिट्टी.

मीही हो म्हटलं, कारण दुसऱ्यांची मुलं सांभाळायला मला आवडणार होतं. माझा मुलगा दुसऱ्यांकडे द्यायचा या भागाकडे मी सोयीस्कर काणाडोळा केला.

चिठ्ठी लहान मुलानं काढायची असते. अक्काच्या मुलीनं तो मान दुसऱ्या कुणाला मिळूच दिला नाही. तिनं डब्यातून चिठ्ठी काढली, उलगडली, भुवया आवळून नीट पाहिली आणि जाहीर केलं, "अम्मा." म्हणजे अक्का. तिला अजून वाचता येत नव्हतं. चिठ्ठी माझी होती, अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. पण मी ताबडतोब म्हटलं, एकदा जाहीर झालं म्हणजे झालं. माझ्या इतक्या तत्पर न्यायबुद्धीचं सगळ्यांनी कौतुक केलं, फक्त आपांनी माझ्याकडे जरा तिरकं पाहिलं.

पहिल्या रविवारी मुलं माझ्या घरी होती आणि अक्का कुंभारीत मोकळी होती. दुपारी बारा वाजता दारात रिक्षा थांबली. अक्का उतरली, हातात मोठं पातेलं, खांद्याला पिशवी. सकाळपासून तिनं पुऱ्या, भाजी, शेंगापोळ्या असा सगळा घाट घातला होता. भिशी लागली की खाऊ घालायचं असतं ना, मग? आम्ही तिच्यावर रागावलो आणि रागावता रागावता सगळ्या शेंगापोळ्या संपवल्या. तिनं तो मोकळा दिवस चुलीपुढं घालवला आणि उरलेला माझ्याकडे भांडी घासत. मग नियम झाला की भिशी लागलेल्यानं त्या दिवशी तोंड दाखवायचं नाही आणि हातात पातेलं तर मुळीच घ्यायचं नाही.

दुसऱ्या वेळी आपांना लागली. त्या माहेरी गेल्या आणि दर थोड्या वेळानं व्हिडिओ कॉल करत राहिल्या. त्यांचा मुलगा अंगणात सायकलचं चाक फिरवण्यात दंग होता, त्याला फोन नको होता. तो वैतागला, मग आपा तिकडं वैतागल्या, मग आम्ही सगळे. आणखी एक नियम झाला. भिशी लागलेल्याचा फोन आजोबा उचलतील. आजोबांना फोनवर एकच वाक्य बोलता येतं, सगळं ब्येस हाय, आणि ते म्हणून झालं की ते लगेच फोन ठेवतात. या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस आम्हाला मिळाला नसता.

आजोबांना लागली त्या दिवशी त्यांनी लागोपाठ दोन सिनेमे पाहिले. संध्याकाळी परत येऊन दोन्हींची गोष्ट हातवारे करून नातीला सांगितली, मारामारीसकट. माझा मुलगा मांडी घालून समोर बसला होता आणि एकदाही माझ्याकडे वळून पाहत नव्हता. ते मला तेव्हा लागलं, हे कबूल करायला हरकत नाही.

मग उरले मी. चिठ्ठी काढायची गरजच नव्हती, तरी अक्काच्या मुलीनं रिकाम्या डब्यात हात घालून काढल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. योगायोगानं त्याच रविवारी बार्शीला माझ्या धाकट्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. अशा कार्यक्रमांत मी नेहमी मुलाला घेऊन आतल्या खोलीत बसायचे आणि जेवण गार झाल्यावर जेवायचे. जायला हवं होतं, जावंसं वाटत होतं, आणि मी एकामागून एक कारणं काढत होते. त्याला सर्दी आहे. त्याला थंडीत बाहेर बसणं सोसत नाही. त्याला पाणी हवं असलं की तो दोन वेळा पापण्या मिटतो, पण खूप हवं असलं तर मिटतच नाही, नुसतं बघतो, हे तुम्हाला कसं कळणार?

अक्का विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं हात थांबवले नाहीत. ती म्हणाली, "तुम्ही त्याला आमच्याशी बोलूच देत नाही. त्यानं नुसते डोळे हलवले की तुम्ही बोलून मोकळ्या होता. आम्हाला कळणार कसं, आणि तो तरी सांगणार कशाला?"

मला इतका राग आला की मी पर्स उचलली आणि तडक निघाले. घरी येऊन यजमानांना सांगितलं, तर ते हळूच म्हणाले, त्या बाईचं चुकलेलं नाही. मग मला त्यांचाही राग आला. रविवारी सकाळी मी मुलाला कुंभारीला सोडलं आणि त्याच रागात बार्शीची गाडी पकडली. निघताना तो रडेल असं मला वाटलं होतं. तो शेजारच्या कोंबडीकडे बघत होता.

गाडीत खिडकी मिळाली. मांडी रिकामी होती, तिच्यावर काय ठेवावं ते सुचेना, म्हणून पर्स ठेवली. वाटेतलं वैराग गाव मागं पडेपर्यंत मी तीनदा फोन लावला आणि तीनदा आजोबांनी सांगितलं, सगळं ब्येस हाय. चौथ्यांदा लावला तेव्हा त्यांनी एवढंही सांगितलं नाही, नुसता उचलून ठेवला. मग मीच तो नाद सोडला. बार्शीत बहिणीनं मला एकटीला पाहून आधी माझ्यामागं पाहिलं, मग घाबरून विचारलं, काय झालं? काही झालं नाही, भिशी लागली, असं सांगितल्यावर तिला काही कळेना. मी पहिल्या पंगतीला बसले. वरण गरम होतं, जिलबी दोनदा मागून घेतली. मामेबहिणींबरोबर इतकी हसले की आईनं आतून येऊन विचारलं, कोण आलंय. परतीच्या गाडीत डोळा लागला तो सोलापूर आल्यावरच उघडला. हे सगळं मला फार आवडलं, आणि तरी मन एकीकडे पापण्या मोजत होतं. त्याला पाणी मिळालं असेल का, कुणी ओळखलं असेल का, की तो नुसता बघत बसला असेल?

कुंभारीला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. अक्काच्या अंगणात आजोबांनी गावाहून आणलेला हुरडा भाजणं चाललं होतं. माझा मुलगा भिंतीला टेकून घोंगडीवर बसला होता, तोंड काळं, स्वेटरभर हुरड्याची फोलपटं. शेजारी आजोबांची नात. मी धावत गेले, खाली बसले, दोन्ही हात पुढं केले. तो माझ्याकडे पाहून हसला, पण पुढं आला नाही. त्यानं थरथरता हात मोठ्या कष्टानं उचलला, तळवा गालाला लावला, डोळे मिटले, एकदम मोठे उघडले आणि तोच हात घोंगडीवर आपटला. मग माझ्याकडे मान उडवली आणि दोन्ही मुठी हवेत गोल फिरवल्या.

मला हे माहीत नव्हतं. मी त्याला विचारलं, झोप आली? त्यानं ओठ मुडपले. डोळ्यांत काही गेलं? ओठ आणखी मुडपले. झाकण हवंय फिरवायला? त्यानं हताश होऊन आजोबांच्या नातीकडे पाहिलं आणि ती माझ्याकडे बघून, तोंडावर हात ठेवून हसली. अक्काला कळलं होतं, आपांनाही कळलं होतं, त्या मुद्दाम चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यानं पुन्हा सगळं पहिल्यापासून करून दाखवलं, सावकाश, जड डोक्याच्या विद्यार्थ्याला दाखवतात तसं.

शेवटी आजोबांनाच माझी दया आली. "आवं, सोपं हाय की. म्हनतंय, झोपून उटलं की उद्या परत हितं यायचं. आन् तुमी गाडीत बसून परत बार्शीला जायचं."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे वर नेले. हो.

क्षणभर मला वाईट वाटलं. आणि त्याच्यामागून असा आनंद आला की मी तिथंच फोलपटांत बसून हसले आणि रडले, आणि आपांनी मला पाणी आणून दिलं, न मागता. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या मुलाचं म्हणणं मला दुसऱ्या कुणीतरी समजावून सांगितलं होतं. मी तोंड पुसलं, त्याच्या शेजारी घोंगडीवर सरकले आणि त्याला विचारलं, बरं, कितीच्या गाडीनं जाऊ?